तात्पुरती जोडलेली वायर

बाबा, मला सध्या आपल्याच घरातल्या स्विचबोर्डांची भीती वाटते. हसू नका. वायरमनची मुलगी मी, शाळेत असताना फ्यूजची तार बांधायला शिकलेली, आणि आता हॉलमधला पंखा लावायचा असला तरी लाकडी पाटावर उभी राहते. आईला बजावून ठेवलंय की माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, फडकं मारायचं नाही, त्या टेबलाजवळ अनवाणी जायचं नाही. ती म्हणते, "मग या घरात मी राहायचं कशी, उडत?" तिचं चिडणं बरोबर होतं, कारण मी तिला सुरुवातीला अर्धंच सांगितलं. पूर्ण सांगायचा धीरच होत नव्हता. तुम्हाला सगळं सांगते. तुम्ही तर काय, आता घाबरायच्या पलीकडे गेलात.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे तो जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर होता. आत्ताचा मी स्वतः असेंबल केलाय. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कार्ड, एकेक वस्तू लॅमिंग्टन रोडवर हिंडून घासाघीस करून आणली आणि हॉलमध्ये चटई टाकून स्क्रू मारले. पवईच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी मी घरून चित्रं करते. ज्या बिल्डिंगा अजून बांधल्याच नाहीत त्या बांधून झाल्यासारख्या दाखवायच्या, खिडकीत उजेड, गॅलरीत कुंडी. या मशीनची एक सवय तुम्हाला फार आवडली असती. त्याला आत काहीही दुखलं-खुपलं की ते स्वतःच लिहून ठेवतं. कुठे बिघडलं, कधी बिघडलं, सगळं. तुम्ही म्हणायचात ना, पंप बोलत नाही म्हणून त्याला कान लावावा लागतो. हे बोलतं. फक्त ते काय बोलतंय ते ऐकायला मला उशीर झाला.

झालं असं की मशीन मधेच बंद पडायला लागलं. इशारा नाही, आचका नाही, चालता चालता एकदम काळोख, आणि मग आपलं आपण परत चालू. आई म्हणाली, "दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळून टाक." मी नोंदी उघडल्या. लाल फुलीच्या नोंदी होत्या, मशीन नीट बंद न करता बंद पडलं असं सांगणाऱ्या. त्यांचं काही नाही, ते तर मला डोळ्यांनी दिसत होतं. पण त्यांच्या आधी, कितीतरी आठवडे आधीपासून, पिवळ्या त्रिकोणांची रांग लागली होती. हार्डवेअरमध्ये चूक झाली, ती सुधारली. परत चूक झाली, परत सुधारली. म्हणजे आत काहीतरी तुटत होतं आणि मशीन कुणाला न सांगता ते सावरून घेत होतं, आणि मी वर बसून खोट्या गॅलऱ्यांमध्ये कुंड्या ठेवत होते. मला त्या लाल फुल्यांपेक्षा या पिवळ्या त्रिकोणांची जास्त भीती वाटली.

मग मी तुमच्या पद्धतीने कामाला लागले. तुमची पद्धत म्हणजे एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. आधी रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, परत बसवली. दोन दिवस बरं चाललं, मी खूश, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत धप्प. मग आतला सप्लाय बदलला, तो एसएमपीएसचा डबा. काही नाही. यूपीएस सारखा बोंबलत होता, म्हणून त्याची बॅटरी गेली असं समजून तोच काढून ठेवला. केवढा शहाणपणा! तो बिचारा भिंतीकडे बोट दाखवत होता आणि मी त्याचंच तोंड बंद केलं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, मदरबोर्ड गेला. नवीन टाका, झकास चालेल." पवईहून मेलवर मेल येत होते. माझी पार वाट लागली होती.

नोंदींची वेळ बघायचं मला खरं तर पहिल्यांदाच सुचायला हवं होतं. जवळजवळ सगळ्या सकाळच्या. दुपारी तेच मशीन दुप्पट काम करतं, घामाघूम होतं, पण बंद पडत नाही. सकाळी नुसतं चालू ठेवलेलं असताना पडतं. सकाळी काय होतं आपल्याकडे? आई गिझर लावते. तेवढंच. मी बाथरूममध्ये गेले, गिझर लावला, धावत हॉलमध्ये आले आणि मशीनच्या पत्र्याजवळ उभी राहिले. हात लावायचा म्हणून पुढे केला, आणि तेवढ्यात आई मागून म्हणाली, "त्याला आता लावू नको हात, आता मुंग्या येतात."

"कसल्या मुंग्या?"

"पुसताना येतात गं. सकाळी जास्त. ओलं फडकं असलं की कोपरापर्यंत जातात."

"कधीपासून?"

"झाले की महिने. मला वाटलं माझं वय. साखर वाढली की येतात म्हणे हाताला मुंग्या."

बाबा, मी त्या बाईकडे बघतच राहिले. उभी होती, हातात ओलं फडकं, पायात काही नाही, नुकतीच पुसलेली फरशी. महिनोन् महिने रोज सकाळी ती माझ्या मशीनला मायेने पुसत होती आणि करंट खात होती, आणि तिने ते साखरेवर ढकललं होतं. मी ओरडले तिच्यावर. फार ओरडले, तोंडाला येईल ते. मग तुमचा टेस्टर काढला, तो पिवळ्या मुठीचा, आणि मशीनच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा लागला. मंद होता, पण लागला. गिझर बंद केला, दिवा गेला. मी खालीच बसले.

डिप्लोमाला जे शिकले ते सगळं विसरले असेन, पण एवढं कळत होतं की पत्र्यावर करंट आलाच तर अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला पाहिजे, माणसात नाही. आणि तेव्हा मला तुमचा तो दिवस आठवला.

कॉलेजचं पहिलं वर्ष. तुम्ही मला कॉम्प्युटर आणून दिलाय, कुणाच्या तरी ऑफिसमधून निघालेला, सेकंडहँड, पण माझ्यासाठी विमान. आणि त्याच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिणतं. मी रडकुंडीला येऊन सांगते आणि तुम्ही भांडुपच्या कारखान्यातून ड्यूटी करून आलेले, शर्टही न बदलता स्टूल ओढता. मी सरळ पंजा पुढे करते, दाखवायला, की हे बघा इथे लागतं. तुम्ही माझ्या हातावर फाडकन मारता. आयुष्यात मारलं ते तेवढंच. "तळवो नाय लावचो! करंटान मूठ आवळली तर सुटशील काय गे? उलटो हात, उलटो!" मग मला चहा टाकायला पाठवता. चहा उकळून मी येते तर स्विचबोर्डाचं झाकण परत लागलेलं, तुम्ही हात पुसताय. "हात लावन बघ आता. लागाचो नाय." मी लावते. खरंच काही लागत नाही. मी म्हणते, काय केलंत? तुम्ही म्हणता, "सध्या चलान जायत."

सध्या! मी ते वर्गात सगळ्यांना सांगितलं, की माझ्या बाबांनी दहा मिनिटांत करंट पळवला. बिल्डिंगमध्येही पसरलं. त्या वर्षांत घरोघर काही ना काही येत होतं, मोठा फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाच्या पत्र्याला मुंग्या, आणि प्रत्येक जण तुम्हाला बोलवायचा. तुम्ही संध्याकाळी कामावरून यायचात आणि चहाच्या कपावर हे काम करून द्यायचात. लोक म्हणायचे, भाऊ म्हणजे देवमाणूस.

आणि अजून एक आठवलं. त्यानंतर तुम्ही रोज कामावर निघताना माझ्या कॉम्प्युटरवरून हात फिरवून जायचात. उलटा हात. फ्रिजवरून पण. मला वाटायचं, आपण आणून दिलेल्या वस्तूचं कौतुक आहे बाबांना. आई तर चिडवायची, "मला कधी फिरवला नाही असा हात."

मी मेन स्विच बंद केला, तुमच्याच स्क्रू ड्रायव्हरने टेबलाजवळचा स्विचबोर्ड उघडला. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये जिथे अर्थिंगची हिरवी वायर यायला पाहिजे, तिथे भिंतीतून काही आलेलंच नव्हतं. बिल्डरने टाकलीच नव्हती. तिथे होता एक बोटभर काळ्या वायरचा तुकडा, अर्थिंगच्या भोकातून निघून शेजारच्या न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला, जोडलेला. टोकं दुमडून आत घेतलेली, एक तार बाहेर आलेली नाही. असं नीटनेटकं काम या जगात एकच माणूस करायचा. मी त्या तुकड्याला कुठेही ओळखलं असतं.

न्यूट्रल शाबूत आहे तोवर ही युक्ती चालते, मुंग्या जातात, सगळं शांत. पण खाली मीटररूममध्ये न्यूट्रल सैल झाला की घरातला करंट परतीची वाट शोधत उलटा त्याच तुकड्यातून पत्र्यावर येतो. आणि न्यूट्रल पुरता तुटला तर फ्रिज, मशीन, कॉम्प्युटर, ज्याला ज्याला तुम्ही बरं केलंत ते सगळं अख्खंच्या अख्खं जिवंत होतं. मग मुंग्या नाहीत. मग माणूस चिकटतो. तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं मी तासभर स्वतःला समजावत होते. पण मग रोज सकाळी तो उलटा हात कशाला फिरवायचात तुम्ही? तुम्ही बघत होतात. रोज तपासत होतात. आणि तुम्ही गेल्यावर कोण तपासणार होतं, बाबा? आम्ही फोटोला हार घातला आणि बोर्ड तसाच वापरला.

सोसायटीचा आताचा वायरमन आला. मीटररूममध्ये त्याने मेन न्यूट्रलची जोडणी दाखवली, ढिली पडून कोळशासारखी काळी झालेली. गिझरचा भार आला की व्होल्टेज कोसळायचं आणि मशीन पडायचं, ते तिच्यामुळे. ती त्याने नवीन करून दिली. मग वर आला, आपला बोर्ड बघितला, आणि तो तुकडा पकडीत धरून मला म्हणाला, "ताई, हे कुणी केलं? त्याला शोधून चपलेने मारला पाहिजे." मागे आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी म्हटलं, "जुनं आहे, माहीत नाही." आईने कप त्याच्या हातात दिला आणि आत गेली. तो म्हणाला, खरं अर्थिंग करायचं तर कंपाउंडमध्ये खड्डा खणून पट्टी वर आणावी लागेल, सोसायटीने ठरवायला पाहिजे. तोवर हे तुकडे काढा आणि करंट गळला की पडणारा स्विच बसवा. आणि जाताना विचारलं, "बाकीच्या घरात पण असंच आहे काय?"

बाकीच्या घरात! तुम्ही चहाच्या कपावर किती घरं केलीत, ते मी बोटांवर मोजायला लागले. आईने सांगितलं, तुम्ही एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाला होतात की बिल्डिंगला अर्थिंग नाही, खड्डा मारू या. सेक्रेटरी म्हणाले होते, पुढच्या मीटिंगला बघू, आणि सामोसे वाटले. पुढच्या कितीतरी मीटिंगांना बघितलं नाही कुणी. आणि तुम्ही काय केलंत? लोकांना मुंग्या येऊ देणं तुम्हाला बघवेना. मुंग्या राहू दिल्या असत्यात तर लोक बोंबलले असते, खड्डा झाला असता. ओरडणारं तोंडच बंद झालं, मी यूपीएसचं केलं तसं. आता माझ्याही लक्षात आलं की ही आपल्या घराण्याचीच रीत आहे.

मी खालच्या काकींकडे गेले. त्यांच्याकडे पहिल्यांदा का, तर त्या एकट्या राहतात, दिवसभर अनवाणी, आणि फ्रिज मोरीला लागून. तुम्हीच लावून दिला होतात तो बोर्ड. मी म्हटलं, "काकी, तुमचा बोर्ड जरा उघडून बघायचाय. वायर जुनी झालीय."

"कुठली गं?"

"फ्रिजची."

"अगं, ती तर तुझ्या बाबांच्या हातची! वीसेक वर्षं बोट लावायला लागलं नाही. तिला काय होतंय?"

"जुनी झालीय ना काकी."

"हल्लीची पोरं येऊन चांगलं काम बिघडवतात. तुझे बाबा असते तर त्यांनी उघडलं असतं. दुसऱ्याला मी हात लावू देणार नाही, सांगून ठेवते. चहा घेणार का?"

आणि बोलता बोलता त्यांनी भांडी घासता घासता ओल्या हाताने फ्रिजचं दार उघडलं. काही झालं नाही. त्यांनी दूध काढलं, दार लावलं. मी चहा न घेताच वर आले. समोरच्यांकडे गेले तर तेच. वरच्यांकडे तेच. "भाऊंचं काम आहे, सोड गं." जिथे जावं तिथे तुम्ही दारात उभे, बाबा, आणि मला आत येऊ देत नाही. वायर जुनी झालीय, एवढंच मी प्रत्येक ठिकाणी म्हणत होते, आणि प्रत्येक ठिकाणी लोक माझ्याकडे बघून हसत होते, की ही बापाच्या कामावर संशय घेते. त्यांना पटवायला एकच वाक्य लागत होतं आणि ते माझ्या तोंडून निघेना.

संध्याकाळपर्यंत मी खिडकीत बसून खालच्या घरातले आवाज ऐकत होते. भांडं पडलं तरी दचकत होते. नळ सुरू झाला की वाटायचं, आता हात ओले झाले. आता फ्रिज. शेवटी आईने विचारलं, "काय झालंय तुला? त्या वायरमनने दाखवलं ते काय होतं?" मग मी सांगितलं. सगळं, न्यूट्रल, तुकडा, बाकीची घरं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. विचारलं फक्त, "त्यांना माहीत होतं?" मी म्हटलं, "वाटतं." तिने पदर खोचला. मग उठली, चपला घातल्या. म्हटलं, "कुठे?" तर म्हणाली, "चल."

जिन्यात ती पुढे, मी मागे. काकींनी दार उघडलं. आई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "ह्यांचं चुकलंय. तुमच्याकडची ती वायर चुकीची जोडलीय. जीव जाईल. मेन बंद करा आणि उद्या वायरमन येतोय, त्याला उघडू द्या." काकी म्हणाल्या, "अगं, काय बोलतेस? भाऊ?" आई म्हणाली, "हो, तेच. माणूस चांगला होता, काम चुकलं. बंद करता का मी करू?" आणि आत जाऊन, खुर्ची ओढून, तिने स्वतः त्यांचा मेन पाडला. घरात काळोख झाला. त्या काळोखात काकींचा हात धरून ती थोडा वेळ उभी होती. मग बाहेर येऊन वरच्या मजल्याचा जिना चढायला लागली. मी तिच्यामागून गेले. सगळ्या घरांत तिने तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. कुणी रडलं, कुणी चिडलं, एकाने तर दार आपटलं. मी जिन्यात उभी होते.

आता बहुतेक घरांतले तुकडे निघालेत. दार आपटलेल्या घरातला निघालेला नाही, तिथे आई उद्या परत जाणार आहे. सेक्रेटरींनी खड्ड्याला हो म्हटलंय, माणसं यायची आहेत. आपला कॉम्प्युटर प्लग काढून ठेवलाय, म्हणून हे हाताने लिहितेय, अक्षर वाईट आलंय. पवईचं काम हातचं गेलं, जाऊ दे. आई आत झोपलीय. तिच्या हाताला अजून मुंग्या येतात का, ते विचारायची मला हिंमत होत नाही.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं. का, ते आत्ता वरपासून वाचून बघताना कळलं. बिल्डरने टाकली नाही असं मी लिहिलंय. सेक्रेटरींनी सामोसे वाटले असं लिहिलंय. न्यूट्रल ढिला पडला, मला उशीर झाला, तुम्हाला लोकांचं बघवलं नाही, सगळं लिहिलंय. आईने अख्ख्या बिल्डिंगसमोर म्हटलेलं ते वाक्यसुद्धा लिहिलं, पण तिच्या तोंडी. माझ्या तोंडून ते अजून निघालेलं नाही, इथे कुणी ऐकत नसताना सुद्धा. तुमची इतकी भीती मला तुम्ही असताना कधी वाटली नव्हती.

बाबा, तुमचं चुकलं.